कामी आणि तायो: फिलिपिन्समधील माझी दोन वर्षे

ऑगस्ट 2017 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, मी बेंगळुरूहून मनिलाला गेलो. माझे आईवडील मूळचे पुण्याचे, माझे बालपण मात्र बेंगळुरूत गेले, आणि आमचे कुटुंब ज्या चर्चचे सदस्य आहे त्याला लोक मॉर्मन चर्च म्हणतात. त्याचे खरे नाव ‘येशू ख्रिस्ताचे लेटर-डे सेंट्स चर्च’ असे आहे. या चर्चमधील तरुण दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष स्वखुशीने, विनावेतन मिशनरी म्हणून जातात. कोठे जायचे हे आपण ठरवायचे नसते. अर्ज, वैद्यकीय तपासण्या आणि मुलाखती पूर्ण झाल्यावर नेमणुकीचे पत्र येते आणि त्यात जे ठिकाण असेल ते मान्य करायचे असते. माझ्या पत्रात फिलिपिन्समधील सान पाब्लो मिशन आणि तागालोग भाषा असे लिहिले होते. त्या दिवसापर्यंत ही दोन्ही नावे मी ऐकलेली नव्हती.

पहिले सहा आठवडे केझोन सिटीतील प्रशिक्षण केंद्रात गेले. तेथे व्याकरणाच्या तासाला मला एक अनपेक्षित आधार मिळाला. तागालोगमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांसाठी मराठीसारखेच दोन वेगळे शब्द आहेत: ऐकणाऱ्यासह सर्व जण असतील तर ‘तायो’, आणि ऐकणाऱ्याला वगळायचे असेल तर ‘कामी’. अमेरिकेतून आलेल्या सोबत्यांना हा भेद अतिशय अवघड जात असे. प्रार्थनेत ‘आम्हांला आशीर्वाद दे’ म्हणताना ते ‘तायो’ वापरत, आणि शिक्षिका शांतपणे समजावून सांगत की अशाने देवालाही आशीर्वाद मागणाऱ्यांत बसवले जाते. मला हे समजावून सांगावे लागले नाही. शिवाय चेहऱ्याला ‘मुखा’, शिक्षकाला ‘गुरो’, आशेला ‘आसा’ आणि गरीब, हलाखीतल्या माणसाला ‘दुखा’ म्हणतात हे कळल्यावर ती भाषा मला परकी वाटेनाशी झाली.

प्रत्यक्ष कामाचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होई. व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथांचा आणि भाषेचा अभ्यास झाला की पांढरा सदरा, टाय आणि काळी नामपट्टी लावून आम्ही दोघे बाहेर पडत असू आणि रात्री साडेदहाला दिवे मालवत असू. दोघे म्हणण्याचे कारण असे की मिशनरी एकटा कधीच नसतो. सोबती नेमून दिलेला असतो, दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा विचार होतो, आणि तोपर्यंत त्याच्या नजरेआड जायचे नाही हा नियम असतो. सोमवार हा तयारीचा दिवस: कपडे धुणे, बाजारहाट, आणि सायबर कॅफेत जाऊन घरी ईमेल पाठवणे. फोन करण्याची परवानगी त्या काळी वर्षातून दोनदाच, नाताळाला आणि मातृदिनाला, होती. फेब्रुवारी 2019 मध्ये दर आठवड्याला घरी बोलण्याची मुभा मिळाली, आणि त्या पहिल्या आठवड्यात आईने आणि मी अर्धा वेळ नुसते एकमेकांकडे पाहण्यात घालवला.

सोबत्यांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण खरी कसोटी तेथेच होती. माझा दुसरा सोबती पॅसिफिक महासागरातील टोंगा या बेटांच्या देशाचा होता. तो मोकळा, मोठ्याने गाणारा, वेळेच्या बाबतीत सैल. मी अबोल आणि घड्याळावर चालणारा. आठवड्यातून एकदा सोबत्यांनी समोरासमोर बसून परस्परांच्या उणिवा आणि गुण स्पष्टपणे सांगावेत अशी पद्धत आहे. पहिल्या बैठकीत मी त्याच्या उशिरांची यादी वाचली. त्याने ती ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “काल त्या आजारी माणसाच्या घरून तू मला दहा मिनिटांत का उठवलेस?” माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढची भेट ठरलेली होती हे खरे, पण तो माणूस बोलू लागला होता हेही खरेच होते. त्यानंतर मी यादी करणे सोडले आणि दिवसाच्या आखणीत दोन भेटींमध्ये मोकळा वेळ ठेवू लागलो.

फिलिपिन्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत आणि आमच्या चर्चचे काम तेथे 1961 पासून चालू आहे, त्यामुळे नामपट्टी पाहून कोणी दचकत नसे. फाटकाबाहेर उभे राहून “ताओ पो!” अशी हाक द्यायची; तिचा अर्थ जवळजवळ ‘माणूस आला आहे’ असा होतो, आणि ‘पो’ने आदर दाखवला जातो. बहुतेक घरांतून सौम्य नकार येई. सुरुवातीला प्रत्येक नकार मला स्वतःचे अपयश वाटे. अशा वेळी मला ह्यू फिंडले या स्कॉटिश मिशनऱ्याची आठवण होई, जो आमच्याच चर्चचा संदेश घेऊन 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात राहिला. माझ्या आजोळच्या शहरात त्यालाही किती दारे बंद मिळाली असतील, हा विचार मला धीर देत असे.

चहाचाही उल्लेख करतो. आमच्या चर्चमध्ये मद्य आणि तंबाखूबरोबरच चहा-कॉफीही वर्ज्य आहे, त्यामुळे त्यांची सवय मला कधी नव्हती. पण पावसात भिजून गेल्यावर कोणी ‘सालाबात’, म्हणजे आल्याचे गरम पेय, पुढे केले की मला पुण्याच्या आजीचे स्वयंपाकघर आठवे.

एप्रिल 2018 मधील एका सोमवारी सकाळी बातमी आली की चर्चच्या अध्यक्षांनी सात नव्या मंदिरांची, म्हणजे आमच्या सर्वांत पवित्र विधींसाठीच्या खास वास्तूंची, घोषणा केली असून त्यांत बेंगळुरू आणि फिलिपिन्समधील कागायान दे ओरो ही दोन्ही नावे आहेत. माझे घर आणि माझी सेवाभूमी एकाच घोषणेत ऐकून मला रडू आले, आणि माझा त्या वेळचा फिलिपिनो सोबतीही माझ्याबरोबर रडला.

शेवटचे काही महिने मी लिलिव येथे होतो. बानाहाव डोंगराच्या पायथ्याचे हे गाव पादत्राणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एका ‘लोला’कडे, म्हणजे आजीकडे, आम्ही दर आठवड्याला जात असू. तिचा मुलगा घरीच चपला बनवी आणि आम्ही तळ कापायला हात लावत असू. पहिल्याच धड्यात मी सवयीने “कामी” म्हणत देवाची लेकरे कोण हे सांगू लागलो, तेव्हा तिने मला थांबवून विचारले, “एल्डर, कामी की तायो?” (आमच्यात पुरुष मिशनऱ्याला ‘एल्डर’ म्हणतात.) ज्या भेदाचा मला अभिमान होता त्याच ठिकाणी मी चुकलो होतो, आणि चूक भाषेची नव्हती: सांगणारे आम्ही आणि ऐकणारे ते, अशी विभागणी माझ्या मनातच होती. त्यानंतर मी तिला शिकवण्याआधी तिच्या जपमाळेविषयी आणि बुडून गेलेल्या थोरल्या मुलाविषयी विचारू लागलो.

तिने बाप्तिस्मा घेतला नाही. निरोपाच्या दिवशी मी तिचा हात हातात घेऊन कपाळाला लावला, तेथे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. तिने भाताचे भांडे उतरवले, तीन ताटे मांडली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, “काइन तायो.” आपण जेवू या.