मावशीचे ३३ शेक

तासगावजवळच्या आमच्या गावात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. 'शेक' म्हणतात. माझ्या मावशीला गालाचा कॅन्सर झाला, तेव्हा तिला ३३ शेक सांगितले होते. आयुष्यभर मिश्री लावलेली बाई. सोमवार ते शुक्रवार रोज एस.टी.ने मिरजेला जायचं, जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलावर निजायचं, काही मिनिटांत उठायचं आणि परत एस.टी. धरायची. साडेसहा आठवडे. मी तेव्हा पुण्यात एम.एस्सी. करत होते, त्यातले दोन आठवडे तिच्यासोबत गेले. तोंड इतकं सोललं होतं की पेजसुद्धा गार करून, चमच्याच्या टोकाने घ्यायची. एकदा स्टँडवर बसल्या बसल्या तिने विचारलं, "अगं, ह्ये सगळं एकदमच का देत न्हाईत?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. रोज थोडा, साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) डोस दिला की आजूबाजूच्या चांगल्या पेशी रातोरात स्वतःची डागडुजी करतात, कॅन्सरच्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. एकदम दिला तर गालच उरणार नाही. तिने मान डोलावली. उत्तर बरोबरच होतं, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी मी आज न्यूयॉर्कमध्ये आहे.

राहते रूझवेल्ट आयलंडवर. नदीतलं चिंचोळं बेट आहे, पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर संशोधन करणारी मंडळी पुष्कळ. सकाळी केबलच्या ट्रामने नदी ओलांडायची आणि यॉर्क अव्हेन्यूच्या दिशेने चालत सुटायचं. रविवारी एफ ट्रेनने थेट जॅक्सन हाइट्स, म्हणजे कढीपत्ता, पोहे, ज्वारीचं पीठ. जेवणाखाण्याचं हे असं चाललंय, त्याबद्दल आईने काळजी करू नये.

आता काम. पांढऱ्या उंदराच्या उजव्या आणि डाव्या, दोन्ही कुशींत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या असतात. गाठी हाताला लागू लागल्या की उंदराला भूल देऊन मशीनमध्ये ठेवायचं. बाकीचं अंग झाकून फक्त उजव्या गाठीवर किरण सोडायचे. ८ ग्रे आज, ८ उद्या, ८ परवा. डाव्या गाठीला काहीही करायचं नाही. मग एक दिवसाआड कॅलिपरने मोजत राहायचं, लांबी आणि रुंदी. उंदीर तळहाताएवढासुद्धा नसतो. भुलेतून उठताना त्याच्या मिश्या आधी हलतात, मग पाय. पिंजऱ्याखाली ऊब देणारी गादी असते. ते चालू लागेपर्यंत मी तिथून हलत नाही.

सगळं लक्ष डाव्या गाठीवर. कारण कधीकधी तीही विरघळते, एकही किरण न लागता. १९५३ मध्ये मोल नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकाने याला 'अ‍ॅबस्कोपल' हा शब्द दिला, म्हणजे निशाण्यापासून दूर घडणारं. ते का घडतं, हे समजायला पुढची अनेक दशकं गेली. किरणांनी पेशीतलं डीएनए फुटतं आणि त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर सांडतात. डीएनए तिथे असायला नको. असलं तर पेशीला वाटतं, विषाणू शिरला. ती इंटरफेरॉनचा गजर करते. त्या आवाजाने प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात, गाठीच्या खुणा ओळखून घेतात आणि मग अंगात इतरत्र तीच खूण दिसली तर तिथेही चाल करतात. म्हणजे शेक नुसता जाळत नाही, शेक हाकही मारतो. आमच्या गावच्या शब्दात ही दुसरी बाजू नाही, पण मला तो शब्द अजूनही आवडतो.

आणि मावशीचा प्रश्न नेमका इथे येतो. २००९ मध्ये याच शहरात डॉ. सॅन्ड्रा डेमारिया आणि डॉ. सिल्विया फॉर्मेंटी (दोघींच्या नावांची मी सुरुवातीला सारखी गल्लत करायचे) यांच्या गटाने उंदरांना एकदम २० ग्रे देऊन पाहिले आणि ८ ग्रे तीनदा देऊनही पाहिले. सोबत प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारं औषध होतं. दूरची गाठ आटोक्यात आली ती तुकड्या-तुकड्यांनी दिलेल्या डोसमध्ये. एकरकमी २० मध्ये नाही. कारण २०१७ मध्ये सापडलं. एका झटक्यात १२ ते १८ ग्रेच्या वर गेलं की पेशी ट्रेक्स१ नावाचं विकर भरपूर बनवू लागते. ते सांडलेलं डीएनए झाडून टाकतं आणि गजर वाजतच नाही. एकदम दिलं तर हाक विझते, मावशी.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला १०६व्या रस्त्यावर गेले. तिथे लाल विटांची, गोल बुरुजांची एक जुनी इमारत आहे. एकोणिसाव्या शतकात ते न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटल होतं. आता लोक राहतात. तिथल्या विल्यम कोली या सर्जनने १८९१ पासून रुग्णांना मुद्दाम जंतूंची लागण करून, पुढे मेलेले जंतू टोचून, तापातून गाठी विरघळवायचा प्रयत्न केला. याच संस्थेत पुढे जेम्स युइंग आले, आणि त्यांचा सगळा विश्वास रेडियमवर, म्हणजे किरणांवर होता. रेडियम जिंकलं, कोलींची लस मागे पडली. प्रतिकारशक्ती एका बाजूला आणि किरण दुसऱ्या बाजूला, असा सामना लागला. माझ्या टेबलावर दोन्ही एकाच उंदरात आहेत. थंडीने बोटं बधिर होईपर्यंत मी त्या बुरुजांकडे बघत उभी होते.

हे माणसात घडतं का? २०१२ मध्ये इथल्याच मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या एका बाईची गोष्ट छापून आली. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, इपिलिमुमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध चालू, पाठीजवळच्या गाठीने असह्य दुखणं. त्या एका गाठीला तीन वेळा शेक दिला आणि प्लीहेतल्या, किरण न लागलेल्या गाठीही आकसल्या. ते चित्र पाहिलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण एकीवरून सगळ्यांचं ठरत नाही. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे मावशीच्या आजारात, निव्होलुमॅब या तशाच औषधासोबत एका गाठीला शेक देऊन झालेल्या चाचणीत औषध एकट्याने जेवढं करतं त्याहून फार काही वेगळं दिसलं नाही. घरच्यांना मी हेही सांगते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त चमत्कार फिरतात.

डोसबद्दलची मला सर्वांत जवळची बातमी मात्र न्यूयॉर्कची नाही, परळची आहे. निव्होलुमॅब जगभर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात आणि आपल्याकडे ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, सोबत स्वस्त गोळ्या, असं करून पाहिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आमच्या जर्नल क्लबमध्ये तो पेपर मी मांडला. मांडताना आवाज जड झाला होता.

मावशी बरी आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिला सांगत होते की प्रतिकारशक्तीच्या पेशी मानेतल्या लसिका गाठींमध्ये तालीम घेतात, आणि तिथेच किरण पडले तर तालीमच बंद पडत असावी, असा आमचा संशय आहे. ती काळवंडलेल्या, कडक झालेल्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "आन् माझ्या मानेलाबी दिला की गं शेक."

"द्यावाच लागतो मावशी, आजार तिथे लपतो."

"मग आधी तालीम करून घ्यायची, मग द्यायचा."

मी गप्प झाले. कारण २०२५ मध्ये मंजूर झालेली नवी पद्धत साधारण तीच आहे: प्रतिकारशक्तीचं औषध आधी, ऑपरेशन आणि शेक नंतर. माझ्या पुढच्या प्रयोगातल्या उंदरांचे दोन गटही तसेच पाडलेत. एका गटात मानेच्या लसिका गाठी आधी शेकायच्या, दुसऱ्यात आठवडाभर थांबून. पेशी मंगळवारी टोचायच्या आहेत. मावशीने तारीख लिहून घेतली.