धावपट्टीच्या शेजारचं कॉलेज

विमानाचं क्षेत्र म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात, पायलट आणि एअर होस्टेस. मी पुण्यात लोहगावला चेक-इन काउंटरवर नोकरी केली, तरी नातेवाइकांच्या लेखी मी ‘विमानात’च असायचे. आता अमेरिकेत एव्हिएशन मॅनेजमेंट शिकतेय हे कळल्यावर काकूंनी फोनवर विचारलं, “म्हणजे विमान चालवणार का गं तू?” नाही काकू. विमान सुटण्याआधी आणि उतरल्यानंतर जमिनीवर जे घडतं, ते मी शिकतेय. त्याचा पसारा एवढा आहे की एकदा नीट बसून लिहायचंच होतं.

मी आहे वॉशिंग्टन राज्यातल्या ऑबर्न गावात, ग्रीन रिव्हर कॉलेजमध्ये. गाव सिएटलच्या दक्षिणेला आहे. इथे बोइंगचा सुट्या भागांचा कारखाना आहे, थोडं उत्तरेला रेंटनमध्ये ७३७ विमानं जोडली जातात आणि सी-टॅक हा राज्यातला सर्वांत मोठा विमानतळही जवळच. कॉलेज टेकडीवर, उंच झाडांच्या मधोमध. हे कम्युनिटी कॉलेज आहे, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रवेशासाठी जीवघेणी स्पर्धा नाही, फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी. मात्र आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिकांपेक्षा जास्त भरावी लागते, हे घरून निघतानाच ध्यानात ठेवा.

वर्गात बसल्यावर मला सगळ्यात जास्त आवडली ती शेजारपाजारची माणसं. एका बाजूला ‘रनिंग स्टार्ट’ योजनेतून आलेली, अकरावी-बारावीच्या वयाची मुलगी. या राज्यात शाळकरी मुलांना कॉलेजचे विषय शिकवणी फी न भरता घेता येतात. दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मागच्या बाकावर रात्रपाळीत विमानात सामान चढवून सकाळी थेट वर्गात येणारा तरुण. बॅगेज बेल्ट अडकला की काय होतं हे पुस्तकात चार ओळींत असतं. तो बोलायला लागला की प्राध्यापकसुद्धा खुर्ची ओढून ऐकत बसतात.

अभ्यासाची सुरुवात गवतापासून होते. खरंच. प्रवासी विमानं ये-जा करणाऱ्या विमानतळांसाठी इथे केंद्र सरकारचे ‘पार्ट १३९’ नावाचे नियम आहेत. धावपट्टीची तपासणी रोज किमान एकदा झालीच पाहिजे: खडा, तुटका स्क्रू, बंद पडलेला दिवा, डांबरातली भेग. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी तो कोणत्या क्रमाने काढायचा याचा लेखी आराखडा लागतो. अग्निशमनाच्या गाड्या किती, हे तिथे येणाऱ्या विमानांच्या लांबीवरून ठरतं. आणि गवत किती वाढू द्यायचं हेही शिकावं लागतं, कारण गवतात किडे, किड्यांमागे पक्षी. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून सुटलेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गीज, म्हणजे मोठे रानहंस, शिरले आणि ते हडसन नदीवर उतरवावं लागलं. आतले सर्व १५५ जण वाचले. जगाला वैमानिकाचं कौशल्य दिसलं आणि ते होतंच. आम्ही वर्गात मात्र पक्ष्यांपासून सुरुवात केली. सी-टॅकवर वन्यजीव जीवशास्त्रज्ञ नोकरीला असतात. ते ससाणे-बहिरी जातीचे शिकारी पक्षी न दुखावता पकडतात आणि दूर उत्तरेला नेऊन सोडतात. काउंटरवर उभी असताना ‘बर्ड हिट’मुळे उशीर झाल्याचं मी कित्येकदा प्रवाशांना सांगितलं होतं. त्यामागे कुणाचं आयुष्यभराचं काम असू शकतं, हे इथे आल्यावर कळलं.

मी सर्वाधिक रमले ते सी-टॅकच्या तिसऱ्या धावपट्टीत. जुन्या दोन धावपट्ट्यांमधलं अंतर अवघं ८०० फूट. आकाश मोकळं असेल तर वैमानिक एकमेकांची विमानं बघून शेजारी-शेजारी उतरू शकतात. पण सिएटलचं आकाश! इथे महिनोन्महिने ढग खाली टेकलेले असतात आणि त्या काळात दोन धावपट्ट्या असूनही उतरण्यासाठी एकच रांग लागायची. म्हणून पश्चिमेला, सर्वांत पूर्वेकडच्या धावपट्टीपासून २५०० फुटांवर तिसरी बांधायचं ठरलं. पण तिथे सपाट जमीनच नव्हती. दरी भरून, प्रचंड भिंती उभारून ती करावी लागली. घरं विकत घेतली गेली, आजूबाजूची गावं कोर्टात गेली, ओढ्यांच्या आणि पाणथळ जागांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालला. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. नोव्हेंबर २००८ मध्ये धावपट्टी सुरू झाली.

या प्रकरणात माझ्यासाठी सगळ्यात नवीन होतं ते मालकीचं. सी-टॅक चालवतं ‘पोर्ट ऑफ सिएटल’. १९११ मध्ये किंग काउंटीच्या, म्हणजे सिएटल ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, मतदारांनी मतदान करून ही संस्था उभी केली आणि तिचे पाचही आयुक्त आजही लोकच निवडून देतात. त्यांच्या सभा खुल्या असतात. विमानांच्या आवाजाने झोपमोड होणारा माणूस उभा राहून बोलू शकतो आणि निर्णय घेणाऱ्यांना समोर बसून ते ऐकावं लागतं. त्याने आवाज कमी होतो असं नाही. पण विमानतळ हा शेजाऱ्यांचाही विषय आहे, हे इथे गृहीत धरलेलं असतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. एअर ट्रॅफिक कंट्रोलचा अभ्यास इथे करता येतो, पण अमेरिकी सरकारची ती नोकरी फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते. एअरलाइन डिस्पॅचरच्या परवान्याला नागरिकत्वाची अट नाही. परीक्षा एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, परवाना तेवीस पूर्ण झाल्यावर मिळतो. हे काम फार जबाबदारीचं आहे. मार्ग, इंधन, पर्यायी विमानतळ हे सगळं डिस्पॅचर ठरवतो आणि उड्डाणाची जबाबदारी कायद्याने कॅप्टनइतकीच त्याच्यावरही असते. दोन वर्षांची असोसिएट पदवी म्हणजे आपली बी.ए. किंवा बी.कॉम. नव्हे. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, जास्तीत जास्त बारा महिने काम करता येतं. स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना मिळणारी, वाढीव दोन वर्षं बॅचलर पदवीपासून पुढेच लागू होतात. म्हणून बरेच जण इथून चार वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठात जातात. एलेन्सबर्गच्या सेंट्रल वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत एव्हिएशन विभाग आहे आणि माझाही तोच विचार आहे. एजंटचं ऐकून पैसे भरू नका. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाला थेट ई-मेल करा.

आणि हे सगळं शिकताना माझ्या डोक्यात सतत नवी मुंबई असते. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या १५५० मीटर अंतरावर आहेत, म्हणजे दोन्हींवर स्वतंत्रपणे विमानं उतरू शकतील. एवढ्या अंतराची किंमत सी-टॅकचा इतिहास वाचल्यावर नेमकी समजते. तिथेही उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. त्या गावांतल्या मुलांना तिथे कोणती कामं मिळणार? सामान उचलायची आणि पहारा द्यायचीच, की धावपट्टी तपासायची, आराखडे करायची, विमानतळ चालवायचीही? पनवेल-उलव्याच्या मुलांना घरून बसने जाता येईल असं, परवडणाऱ्या फीचं, हे सगळं मराठीतून समजावून सांगणारं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज तिथेच हवं. सिडको, विद्यापीठ, जिल्हा परिषद, ज्यांच्या हातात असेल त्यांनी ते काढावं. शिकवायला माणसं लागली तर मी येईन.