आमची वाटचाल : पाट्या-वरवंट्यापासून कबरीच्या दगडापर्यंत

आमचं घराणं मूळ पाथरवटांचं. आजोबा काळ्या दगडाचे पाटे-वरवंटे आणि जाती घडवून बाजाराला न्यायचे, वडील गावोगाव फिरून पाट्यांना टाकी लावून द्यायचे. घरोघरी मिक्सर आले आणि तो धंदा बसला. आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मराठी ख्रिस्ती वस्ती जुनी. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ मध्ये सुरू झालं. वडिलांची बरीच गिऱ्हाइकं त्या वस्तीतली. त्यांच्यातल्या एकानं आईच्या कबरीसाठी दगड घडवून मागितला आणि आमची गाडी या रुळावर आली.

आधी सगळं छिन्नी-हातोडीचं काम. मकराण्याचा संगमरवर मऊ, अक्षर पटकन उठतं, पण पाऊस त्याला खातो. म्हणून आता आम्ही ग्रॅनाइटच सुचवतो. रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या झोतानं कोरतो. कोरणं लवकर उरकतं हो, मजकूर ठरत नाही.

एका निवृत्त गुरुजींच्या दगडाचं सांगतो. थोरल्या मुलानं ॲडव्हान्स दिला, मजकूर दिला. खाली ‘मुले, सुना, नातवंडे’. दोन्ही मुलींचा पत्ता नाही. जन्मतारीख १ जून. त्या पिढीत जन्माची नोंद नसेल तर शाळेत मास्तर सर्रास १ जून लावून मोकळे व्हायचे. धाकटी लेक पुण्याहून थेट कारखान्यात आली, हातात चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरचा उतारा. त्यात जन्म चांगला ऑक्टोबरातला.

“पेन्शनच्या कागदावर १ जूनच आहे,” दादा म्हणाले.

“कबरीवर पेन्शन मिळते का रे दादा?”

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार!

शेवटी तारीख रजिस्टरची लागली आणि पाचही भावंडांची नावं वयाच्या क्रमानं आली. सुना-नातवंडांना जागा उरली नाही, त्यावरून थोरल्या सूनबाई अजून नाराज आहेत म्हणे. आईंचं नाव आत्ताच कोरून ठेवायचं का, हाही वाद होता. त्या स्वतःच म्हणाल्या, “नाव नको, जागा सोडा. पण पुढे कोराल तेव्हा यांच्याएवढंच मोठं अक्षर पाहिजे.”

ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही. कोरलेलं बदलायचं तर अख्खा चेहरा घासून पुन्हा पॉलिश, नाहीतर नवा दगड. त्यामुळे आम्ही मजकूर खऱ्या मापाच्या कागदावर छापून फरशीवर पसरतो. भावंडांनी उभं राहून वाचायचा, सगळ्यांनी सही करायची. परगावी असेल त्यानं व्हॉट्सॲपवर ‘मंजूर’ लिहायचं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींनीसुद्धा. पैसे ज्याचे, मजकूर त्याचा, हे मला पटत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं तुटतात. तुटू द्यात.

आता धाकटा भाऊ संगणकावर अक्षरं लावतो, मी कोरणं आणि बसवणं बघतो. कॅथलिक मंडळींची घाई २ नोव्हेंबरची, मृतांच्या स्मरणदिनाची. त्या दिवशी दगड जागेवर हवा असेल तर दसऱ्याच्या आत सगळ्यांच्या सह्या आणा.