तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडीतल्या ब्रोकोलीचा गड्डा लहान का राहतो?

"रोप हिरवंगार होतं, पण गड्डा लिंबाएवढाच आला आणि बघता बघता फुलून गेला. काय चुकलं?" कुंडीत ब्रोकोली लावणारे मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. बहुतेक जण चूक शोधतात ती गड्डा दिसल्यानंतरच्या दिवसांत. माझ्या मते ती त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

आपण खातो तो गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा घोस. झाडाच्या शेंड्याला नवी पानं येणं थांबतं आणि कळ्या धरू लागतात. त्या वेळी अंगावर जेवढी पानं असतील, त्यांच्याच बळावर गड्डा पोसला जातो. पानं कमी आणि लहान असताना कळ्या धरल्या, की नंतर कितीही खत घाला, गड्डा बटणाएवढाच राहतो. याला 'बटनिंग'च म्हणतात. छोट्या ट्रेमध्ये फार दिवस अडकून मुळं गुंडाळली गेलेलं रोप, नत्राची उपासमार, मध्येच पडलेला पाण्याचा ताण, ही त्याची नेहमीची कारणं. बऱ्यापैकी मोठं झालेलं रोप बरेच दिवस 10 अंशांखालच्या थंडीत राहिलं, तरी तेच होतं.

म्हणून बी पेरल्यापासून 4 ते 6 आठवड्यांत, चार-पाच खरी पानं (बीतून सुरुवातीला निघणारी दोन पानं सोडून नंतरची) आली की रोप मोठ्या कुंडीत हलवा. कुंडी निदान 30 सेंटीमीटर खोल आणि 15 ते 20 लिटर मातीची हवी. आणि एका कुंडीत एकच रोप! इथे मी अजिबात तडजोड करत नाही. तीन रोपं दाटीनं लावून तीन बटणं मिळवण्यापेक्षा एक भरलेला गड्डा केव्हाही चांगला.

कुंडीला पाणी वारंवार द्यावं लागतं आणि त्याबरोबर नत्र वाहून जातं. त्यामुळे एकदाच भरपूर खत घालण्यापेक्षा लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात करून थोडं थोडं देत राहावं. नत्र फार झालं तर झाड घाईनं वाढतं आणि दांडा आतून पोकळ होतो. बोरॉन कमी पडलं तरी दांडा पोकळ होतो, पण म्हणून अंदाजानं बोरॅक्स (बोरॉनचा क्षार) टाकू नका. बोरॉनची गरज आणि बोरॉनचं विष यांत अंतर फार थोडं असतं, आणि कुंडीतल्या एवढ्याशा मातीत ते चटकन ओलांडलं जातं.

उन्हाचंही सांगायला हवं. झाडाला रोज सहा तास ऊन हवं, पण हवा मात्र थंड हवी. 15 ते 20 अंश तापमान त्याला मानवतं. 25 च्या वर पारा टिकून राहिला, की कळ्या लहानमोठ्या होतात, गड्ड्यातून पानं डोकावतात आणि फुलं लवकर उमलतात. बऱ्याच जातींना लावणीपासून काढणीपर्यंत 60 ते 80 दिवस लागतात. तेव्हा गड्डा धरायचे आठवडे गारव्यात येतील असा उलटा हिशेब करून बी पेरा. काळी कुंडी उन्हात चांगलीच तापते; सावली पानांना नको, कुंडीच्या अंगाला करा आणि मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला.

अळ्यांसाठी पहिल्या दिवसापासून बारीक जाळी लावा. ब्रोकोली आपण कळीतच खातो, परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे मधमाश्या अडल्या तरी बिघडत नाही. जाळी पानांना टेकू देऊ नका, नाहीतर फुलपाखरू वरूनच अंडी घालतं. मावा (पानांतला रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा.

काढणीला गड्ड्याचा आकार बघू नका, कळ्या बघा. त्या घट्ट मिटलेल्या असतानाच, गड्ड्याबरोबर 10 ते 15 सेंटीमीटर दांडा घेऊन तिरका काप द्या, म्हणजे झाडावरच्या कापावर पाणी साचून दांडा कुजत नाही. गड्डा लगेच गारव्यात ठेवा. तोडल्यावर तो फार लवकर पिवळा पडतो.

आणि झाड उपटू नका! पानांच्या बगलेतून छोटे फुटवे येतात, आणि कुंडीतल्या झाडाचं उत्पन्न खरं म्हणजे त्यांनीच वाढतं. गड्डा कापल्यावर पुन्हा एकदा खत द्या आणि दर दोन-तीन दिवसांनी झाडाकडे बघा. फुटव्यांच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडत राहिलात, तर हवा तापेपर्यंत नवे येत राहतात.