बुडकुलेभर चीज

दुपारचे साडेतीन वाजले होते, जेवण व्यवस्थित झाले होते, आणि तरीही मी फ्रिजचे दार उघडून उभी होते. भूक नव्हती, 'काहीतरी' हवे होते. हे काहीतरी म्हणजे काय, ते फ्रिज उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडल्यावरही कळतेच असे नाही. दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बाटलीमागे, चंदेरी कागदातला चीजचा एकुलता एक क्यूब सापडला आणि मला एपिक्युरस आठवला.

या ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव निघाले की 'खा, प्या, मजा करा' हे ओघाने येतेच, त्यामुळे तो कोणी चैनी गृहस्थ असावा असा माझाही बरीच वर्षे समज होता. प्रत्यक्षात हा माणूस इ. स. पू. ३०६ च्या सुमारास अथेन्सला आला, त्याने ८० मिना (तेव्हाचे ग्रीक चलन) मोजून एक बाग घेतली, आणि स्त्रिया व गुलाम यांनाही सोबत बसवून तिथे तो सुखाविषयी बोलत राहिला. शरीराला दुखणे नसावे आणि मनाला धास्ती नसावी, एवढीच त्याची सुखाची मागणी होती. भुकेल्या माणसाला साधी भाकरी आणि पाणीही परमसुख देते, असे त्याने मेनोइकस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. मात्र एका मित्राला त्याने असेही लिहिले, की मला चीजचे एक बुडकुले पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा चंगळ करता येईल.

यातले 'मनात येईल तेव्हा' मला फार आवडते, कारण त्यात चीज खाण्यापेक्षा ते घरात असण्याचेच सुख अधिक आहे.

आजीच्या फडताळात फुटाण्यांचा डबा असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सात भावंडे जमलो की दुपारी ती तो खाली काढी आणि प्रत्येकाच्या तळहातावर वीस फुटाणे ठेवी. मूठभर नव्हे, मोजून वीस. माझा एक आतेभाऊ ते पुन्हा मोजून घेई आणि आजीला त्याचा राग येत नसे. मी मात्र प्रत्येक फुटाणा नखाने सोलून, त्याच्या दोन डाळी वेगळ्या करून, एकेक डाळ जिभेवर ठेवीत असे, त्यामुळे माझे वीसाचे चाळीस होत आणि इतरांचे हात रिकामे झाल्यावरही माझी मेजवानी चालूच राही. पुढे केव्हातरी प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहिलेले डेमेट्रिअस या मॅसिडोनियन सेनानीचे चरित्र वाचताना कळले, की डेमेट्रिअसने अथेन्सला वेढा घातला आणि शहरात उपासमार सुरू झाली, तेव्हा एपिक्युरसने आपल्या सोबत्यांना कडधान्याचे दाणे मोजून वाटून जगवले. त्यांच्यापैकी कोणी दाणा सोलून दोन डाळी केल्या का, ते प्लुटार्क सांगत नाही.

एपिक्युरसच्या हिशेबात इच्छांचे तीन खाने होते. भूक-तहान भागवणे पहिल्यात, पक्वान्न दुसऱ्यात, आणि डोक्यावर मुकुट नि चौकात पुतळा हवासा वाटणे तिसऱ्यात. साडेतीनचे 'काहीतरी' यांपैकी कुठे बसवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पोट ते मागत नाही, पक्वान्नाने ते भागत नाही, आणि पुतळ्याशी तर त्याचा काहीच संबंध नाही. मी क्यूब परत लोणच्यामागे सरकवून ठेवला. त्यात संयम वगैरे नव्हता, फ्रिजचे दार फार वेळ उघडे राहिले होते इतकेच.

मूतखड्याच्या दुखण्याने एपिक्युरस इ. स. पू. २७० च्या सुमारास गेला. शेवटच्या दिवसांत त्याने इडोमेनिअस या मित्राला पत्र लिहिले, की वेदना याहून वाढणे शक्य नाही, पण आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणींचा आनंद मी त्यांच्यासमोर उभा केला आहे. त्यानंतर त्याने एकच काम सांगितले. त्याचा जिवलग सोबती मेट्रोडोरस सात वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या मुलांकडे लक्ष असू दे, असे त्याने लिहिले.