सत्तावीसचा फरक

मशीन बंद झालं की माझं आवडतं काम संपतं. छपाईचा छोटासा व्यवसाय आहे. शाईचा वास, तिसऱ्या-चौथ्या तावावर एकदाचा नेमका बसलेला रंग, यापायी मी या धंद्यात आले. पावत्या लावायला, रोजमेळ लिहायला आणि 'मागच्या बिलाचं काही बघता का?' असा ओशाळवाणा फोन करायला नव्हे. पण त्या कामांना माझ्याशिवाय वाली नाही.

सकारात्मक राहा, असं सांगणारे बरेच भेटले. म्हणून टेबलावर रोपटं ठेवलं, मंद गाणी लावली. रोपटं वाळलं. पावत्यांचा गठ्ठा तेवढा वाढत राहिला. (गाणी चांगली होती.)

मग एकदा हातशिल्लक वहीपेक्षा 27 ने कमी भरली. तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा 27. वैतागून ओळखीतल्या एका मुरलेल्या हिशेबनीसांना विचारलं. ते म्हणाले, "नऊने भाग जातोय ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत का बघा." शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की येणारा फरक नऊच्या पटीतच असतो. आणि 27 म्हणजे त्या दोन अंकांत तीनाचं अंतर: 14 चे 41, 25 चे 52, 36 चे 63. दहा मिनिटांत चोर सापडला. पाकिटांच्या पावतीवर 63, माझ्या घाईच्या अक्षरात 36. मोठी ऑर्डर मिळूनही एवढा आनंद झाला नव्हता!

तेव्हापासून वही उघडताना कपाळावरची आठी जरा सैल असते. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहायची) छापून मांडली, तेव्हा व्यापाऱ्यांना तीन वह्या सांगितल्या होत्या: आधी कच्चं टिपण, मग तारखेवार नोंदींची किर्द, मग खात्यांवार खतावणी. हा माणूस फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू होता! साधूला नावे-जमा यांत रस वाटू शकतो, तर मला का वाटू नये?

कागदाची मोजदादही आता मी स्वतःच करते. एका रिममध्ये 500 ताव. वापरलेले आणि उरलेले जुळेनात, म्हणून टाकाऊ ताव वेगळे काढून मोजले. रंग जुळवतानाच किती कागद फुकट जातो, ते दिवसभर त्याच मशीनशेजारी उभी राहूनही मला कधी दिसलं नव्हतं. आता जुळवणीला आधी रद्दी तावच लावते.

उधारीच्या फोनवर मात्र नऊचा पाढा चालत नाही. समोरचा "हो, हो, बघतो" म्हणतो आणि आपणच "काही घाई नाही हं" म्हणून मोकळं होतो. घाई असते. आजही एक फोन करायचाय, नंबर काढून ठेवलाय. तोवर तेवढी पाकिटं मोजून घेते.