आमची वाटचाल : गूळ घातलेली आणि न घातलेली आमटी

पुण्यात नवी पेठेत खाणावळ चालवणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. गांजवे चौक, शास्त्री रस्ता, मागच्या गल्ल्या, जिथं बघाल तिथं अभ्यासिका. बीड, लातूर, नांदेड, जळगावहून आलेली एमपीएससीची पोरं-पोरी सकाळपासून तिथं बसलेली. घरून आलेले पैसे खोलीचं भाडं, अभ्यासिका आणि पुस्तकं यांत जातात, उरेल ते पोटाला. परीक्षा पुढे ढकलली की दोन वेळचा मेंबर एक वेळचा होतो, हे आमच्या वहीत आधी कळतं.

सासूबाईंनी घरच्या ओट्यावर चार डबे भरून सुरुवात केली. मग मी आणि आमचे हे त्यात उतरलो. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, धंद्याचे निळे सिलिंडर, पोळ्यांना दोन मावश्या, असं एकेक जमत गेलं. सगळ्यांचं तसंच जमतं, त्यात विशेष काही नाही. खरी गोष्ट ताटातली आहे.

स्वस्तात जेवण द्यायचं म्हटलं की बटाटा, कोबी आणि पाण्यासारखं वरण, हा सोपा मार्ग. पोरं आठवडाभर निमूट खातात. मग संध्याकाळी दोन वडापाव खाऊन येतात आणि आपल्याकडे खाडा धरायला सांगतात. त्यांचा खर्च वाढतो आणि महिनाअखेरीला आपला मेंबरही तुटतो. कंटाळवाणं ताट असं दोघांनाही महागात पडतं. म्हणून सासूबाईंचा पहिल्यापासून दंडक : सामान साधं असू दे, पण तीच चव लागोपाठ दोन दिवस वाढायची नाही.

हे निभतं कडधान्यावर. किलोभर मटकी भिजून मोड आले की दोन किलोच्या पुढे जाते. मटकी, चवळी, अख्खा मसूर, हुलगे, पांढरा वाटाणा, काळा हरभरा : एवढं फिरवत ठेवलं की उसळ पुन्हा पहिल्यावर यायला आठवडा जातो. त्यात मटकी एकदा सुकी, एकदा रश्श्याची. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले तर पोळीही कमी लागते. आणि ज्या दिवशी काहीच परवडत नाही त्या दिवशी बेसन! किलोभरात पंचवीस-तीस जणांचं पिठलं आरामात होतं. पण तेही कधी कांद्याचं, कधी ताकातलं, कधी घट्ट झुणका. वर लसणीची फोडणी चरचरून पडली की तक्रार करायला कोणी उरत नाही.

भाजीचं गणित मार्केट यार्डावर. शनिवारी तिथला भाजीबाजार बंद, रविवारी आवक दांडगी. म्हणून रविवार-सोमवार पालेभाजी, मधले दिवस फळभाजी आणि शुक्रवार-शनिवार डबेच उघडायचे, कडधान्याचे. पालक ताकातला, मेथी डाळ घालून पातळ, म्हणजे चार जुड्या आठांचं काम करतात. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते. 2023 च्या पावसाळ्यात टोमॅटो किलोला शंभरीपार गेला तेव्हा आम्ही चिंच आणि आमसुलावर भागवलं. एकाही पोराच्या लक्षात आलं नाही. (खरं तर आमटीला तेच शोभतं, असं माझं मत.)

चवीचं भांडण मात्र पहिल्या बॅचपासून चालू आहे. आमची आमटी पेठेतली, चिंचगुळाची. बीडच्या एका पोरानं पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘काकू, वरणात साखर पडली का?’’ सासूबाईंना ते लागलं. पण सुट्टीहून येताना लातूरच्या एका मुलीनं आईनं केलेलं येसर आणून दिलं, तेव्हा त्यांनीच पुढं होऊन करून बघितलं. धान्य, डाळी आणि मसाले खरपूस भाजून दळलेलं ते पीठ. उकळत्या पाण्यात चार चमचे पडले की आमटीला अंगही येतं आणि वासही, खोबरं-कांद्याचं वाटण लागत नाही. आता आम्ही ते स्वतः दळून घेतो. वऱ्हाडातल्या पोरांकडून डाळकांदा आला, जळगावकरांकडून शेवभाजी. शेवभाजीला तर भाजीच लागत नाही, नुसता झणझणीत रस्सा आणि जाड शेव. इतक्या स्वस्तात इतकी खूश झालेली पंगत मी दुसऱ्या कशानं पाहिली नाही.

मार्च 2020 मध्ये पेठ रिकामी झाली. खोल्यांवर अडकलेल्यांना आम्ही खिचडी-कढी देत राहिलो, बाकी भांडी पालथी. परत उभं राहायला वेळ लागला.

सध्याची डोकेदुखी ज्वारी. भाकरी म्हणजे गरिबाचं जेवण, असं म्हणायची सोय राहिली नाही. चांगली मालदांडी घ्यायला गेलं तर गव्हाहून महाग पडते. मराठवाड्यातल्या पोरांना मात्र पोळीनं पोट भरल्यासारखं वाटत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा भाकरी ठेवलीय, पिठल्याच्या आणि शेवभाजीच्या दिवशी. त्या दिवसांचा तोटा वरणफळांच्या दिवशी भरून निघतो, कारण तेव्हा वेगळ्या पोळ्या कराव्या लागत नाहीत आणि भातही निम्माच संपतो. सासूबाई हल्ली फक्त चव बघायला येतात. गूळ कमी आहे म्हणतात, आणि पेठेतल्या जुन्या मेंबरांसाठी वेगळ्या पातेल्यात स्वतः घालतात.